हरिबाचं शेवटचं कडवं

हे मी तोंडानं अजून कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, ज्या मैत्रिणीला सगळं सांगते तिलाही नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं जात नाहीये. सकाळपासून दोनदा चहा केला, कपडे वाळत घातले, वाळलेले घडी करून ठेवले, आणि आता बसलेय.

आधी एक सांगू? हे लिहिताना लाज तर वाटतेच आहे, पण लाजेपेक्षा जास्त काहीतरी दुसरंच आहे. तीन माणसांनी मला जे दिलं, ते मी घेतलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्यांचं नाव घ्यायचं तर आधी माझं कृत्य सांगावं लागतं. दुसरी वाट नाही – शोधून पाहिली.

मी शहराच्या छावणी भागात राहते. मूळची इथलीच. आधी डीटीपीची कामं करायचे – लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, कुणाचे प्रबंध. मग एका छोट्या संस्थेचं काम मिळालं. ही संस्था मराठवाड्यातल्या गावागावांतून जुन्या भीमगीतांची, जलशातल्या गाण्यांची रेकॉर्डिंगं गोळा करते. पोरं गावात जायची, म्हाताऱ्या माणसांकडून गाणी म्हणवून घ्यायची आणि आवाजाच्या फायली सर्व्हरवर टाकायची. माझं काम पुढचं. घरच्या कॉम्प्युटरवरून त्या सर्व्हरवर जायचं, आवाज ऐकायचा, गाण्याचे शब्द लिहायचे, गाणारं कोण, रचणारं कोण, गाव कुठलं ते भरायचं. मग ते संस्थेच्या वेबसाईटवर दिसायचं.

हे कसं करायचं ते मला वाजिदनं शिकवलं. संस्थेचा सर्व्हर तोच सांभाळतो. राहायला शहरातच, बुढीलेनला, माझ्याहून लहान, बोलायला कमी. मी सुरुवातीला घाबरायचे. स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडायची, त्यात पासवर्ड टाकायचा – तोही टाकताना दिसायचा नाही – आणि मग कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या मशीनवरचे फोल्डर माझ्या पुढ्यात यायचे, घरचेच असल्यासारखे. इथं एक अक्षर बदललं की तिथं बदलायचं. जगाला दिसायचं. वाजिद फोनवर बसून एकेक पायरी सांगायचा, एकदाही वैतागला नाही. फक्त एक गोष्ट त्यानं बजावून सांगितली होती. “ताई, घरके कॉम्प्युटरपे कचऱ्याचा डबा असतो, पुसलेलं परत काढता येतं. इथं डबा नाही. गेलं तर गेलं.”

मला हे माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

आता आबांबद्दल. आबा म्हणजे माझे वडील. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, हात कायम काळे. पण ढोलकी हातात आली की वेगळेच दिसायचे. आमच्या वस्तीत काहीही असो – जयंती असो, कुणाचं लग्न असो, नामकरण असो – आबांना गायला बसवायचेच. आणि ते कितीही गाणी म्हणोत, एक गाणं शेवटी यायचंच.

चुलीपाशी पाटी माझी, राखेमधी हात गं
भीमानं ही लावली माझ्या अंधारात वात गं

पुढं चार-पाच कडवी. चुलीपुढं बसून राखेत अक्षरं गिरवणाऱ्या एका पोरीचं गाणं. बाया पदर डोळ्याला लावायच्या. सगळी वस्ती त्याला ‘आबांचं गाणं’ म्हणायची. ते गाणं आबांनी रचलंय असं आबा कधी म्हणाले नाहीत. रचलं नाही, असंही म्हणाले नाहीत. मी शाळेत निबंध लिहिला होता, ‘माझे वडील कवी आहेत’. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन आबांना सांगितलं तर ते नुसते हसले आणि हात धुवायला गेले.

त्या हसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. पोरगी होते. पण नंतर पोरगी नव्हते ना?

निवृत्त झाल्यावर आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं कळतं, फक्त बोलता येणार नाही. दोन शब्द तेवढे राहिले – ‘व्हय’ आणि ‘नाय’. त्या दोन शब्दांवर आमचं घर चालायचं. चहा देऊ? व्हय. पंखा लावू? नाय. भाऊ आणि मी शेजारीशेजारी राहतो, त्यामुळं दिवसा आबा माझ्याकडं, रात्री त्याच्याकडं. मी कॉम्प्युटरवर बसले की ते पलंगावरून बघत राहायचे. रेकॉर्डिंगमधली गाणी त्यांनाही ऐकू जायची. डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचे.

त्याच सुमारास वस्तीतल्या एका जुन्या गायकाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं. आबांच्या मागं बसून कोरसमध्ये गाणारा माणूस तो. माझा भाऊ घरी येऊन म्हणाला, आबांना कुणी विचारलं का बघ. आबांचं काय राहणार मागं? एक ढोलकी. तीही फाटलेली.

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. हे कारण म्हणून सांगत नाहीये. घडलं ते सांगतेय.

मग एका दुपारी – पाण्याचा दिवस होता, नळ येऊन गेला होता, ड्रम भरून मी ओल्या साडीनंच येऊन बसले होते. आबा त्या दिवशी भावाकडं होते, त्यांच्यासाठी न्हावी येणार होता – मी नवीन आलेल्या फायली उघडल्या. फुलंब्रीकडच्या एका खेड्यातलं रेकॉर्डिंग होतं. सरुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईचा आवाज. मागं कोंबड्या, कुणीतरी भांडी घासतंय. आणि सरुबाईंनी सुरू केलं, ‘चुलीपाशी पाटी माझी’.

मला इतका आनंद झाला, काय सांगू. आबांचं गाणं इतक्या लांब गेलंय! मी हेडफोन दाबून ऐकत राहिले. चाल थोडी संथ होती, शब्द तेच होते. आबा जिथं गाणं संपवायचे तिथं आलं. आणि सरुबाई थांबल्या नाहीत. अजून एक कडवं होतं.

हरिबा म्हणे, बहिणी माझे, ध्यानी ठेव नाव गं
लिहिता मला आलं नाही, तुझ्या गळी ठाव गं

तुम्हाला माहीत असेल, जुने शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतात. तीच त्यांची सही. गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरानं विचारलं, आजी, हे कुणाचं गाणं? सरुबाई म्हणाल्या, “माझ्या भावाचं. हरिबाचं. त्याला लिव्हता येत नव्हतं, तोंडानंच जुळवायचा. लई तरणा गेला बाबा. त्याचं नाव कुठंच नाय. ना सातबाऱ्यावर, ना कुठल्या दगडावर. ह्या गाण्यात तेवढं हाय.”

हे मी ऐकलं. पुन्हा लावून ऐकलं. म्हणजे मी काय करतेय ते मला कळत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

आधी राग आला. कुणावर? त्या म्हातारीवर. नंतर भीती वाटली, की हे वेबसाईटवर गेलं तर वस्तीतले लोक वाचतील आणि म्हणतील, अरे, म्हणजे आबांचं नव्हतंच की. मग – मग मी आवाज कापायचा प्रोग्रॅम उघडला. फाईल घरी उतरवून घेतली. शेवटचं कडवं कापलं. त्यापुढचं बोलणंही. आबा जिथं थांबायचे तिथंच सरुबाईंना थांबवलं. ती कापलेली फाईल त्याच नावानं सर्व्हरवर चढवली, जुनीच्या जागी. शब्द टाईप केले, तेही तिथपर्यंतच. गायिका – सरुबाई. तेवढं खरं ठेवलं, आणि स्वतःला म्हणाले, बघ, तिचं श्रेय तिला दिलंय. आणि रचनेच्या पुढं आबांचं पूर्ण नाव लिहिलं.

नंतर माझ्या कॉम्प्युटरवर उतरवलेली मूळ फाईलही पुसली. डबाही रिकामा केला.

एका माणसाचं नाव जगात एकाच जागी होतं, ते मी तिथून काढलं. असं म्हटल्यावर किती मोठं वाटतं ना? करताना नाही वाटलं. कांद्याची साल काढावी तसं झालं. मग उठून मी साडी बदलली.

खरं तर इथंच थांबता आलं असतं. पण पुढचं याहून वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्याकडं होते. भाऊही आला होता. मी टॅबवर ते पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, आबा, बघा, तुमचं गाणं. तुमचं नाव. आता हे सगळ्या जगात दिसतं. गाणं लावलं. सरुबाईंचा आवाज आल्याबरोबर आबांनी मान वर केली. ऐकत राहिले. डोळे भरून आले. गाणं संपलं तरी ते वाट बघत होते. मला आता कळतं, ते पुढच्या कडव्याची वाट बघत होते. ते आलं नाही. मग त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं, आपलं नाव वाचलं.

“नाय,” आबा म्हणाले.

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. ज्या शब्दावर मी रोज पंखा बंद ठेवत होते तोच शब्द. ते पुन्हा म्हणाले, नाय. आणि डाव्या हाताचा अंगठा त्या नावावरून फिरवायला लागले. पुसायला लागले. टॅब तो – अंगठा फिरवला की पान वर सरकायचं, नाव निसटायचं. ते परत शोधायचे, परत पुसायचे. भाऊ म्हणाला, ताई, हे काय म्हणताहेत? आणि मी म्हणाले – “खरं वाटत नाहीये त्यांना. नाय नाय म्हणतात, खरं नाय म्हणून.”

भावानं फोटो काढला. आबांचे भरलेले डोळे आणि त्यांच्या नावावर टेकलेला अंगठा. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. लोकांनी फुलं पाठवली, हात जोडलेले पाठवले. मामांनी लिहिलं, नावावरून हात फिरवताना बघा कसा जीव भरून आलाय.

त्या दिवसानंतर मी ते पान त्यांच्यापुढं परत उघडलं नाही. ते कॉम्प्युटरकडं बोट करायचे. मी विचारायचे, पाणी? नाय. चहा? नाय. मला माहीत होतं काय हवंय. मी चहा आणून द्यायचे.

त्याच हिवाळ्यात आबा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तो फोटो मोठा करून लावला होता. खाली लिहिलं होतं – कवी, गायक. मी माईकवर चार शब्द बोलले. काय बोलले ते इथं लिहवत नाही.

मध्ये बराच काळ गेला. त्यात मी सुखात होते, हे सांगायला हवं. लोक समजतात खोटं बोलणारा माणूस रोज जळत असतो. मी नव्हते जळत. काम वाढलं, मुलगी कॉलेजला गेली, गाण्यांचा साठा मोठा झाला. त्या एका गाण्याच्या पानावर मी जात नसे, एवढंच.

मग फोन आला. उज्ज्वला – सरुबाईंची नात. फुलंब्रीहून रोज शहरात येते, एका दवाखान्यात परिचारिका आहे. संस्थेच्या सरांनी तिला माझा नंबर दिला होता. जयभीम ताई, म्हणाली, आणि लई आनंदानं सांगायला लागली, की तिला आजीचं गाणं सापडलं, आजीला मोबाईलवर ऐकवलं. पण ताई, गाणं थोडं अर्ध्यात थांबतंय आणि रचनेचं नाव दुसरंच आहे, तेवढं बघता का.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, रेकॉर्डिंग तेवढंच आलंय. आणि नावाचं म्हणाल तर अशा गाण्यांचं असंच होतं बघा, एका गावात एक कवी सांगतात, दुसऱ्या गावात दुसरा. अगदी अभ्यासकासारखी बोलले. ती म्हणाली, बरं ताई. रागावली नाही. मी विचारलं, आजी परत म्हणतील का, आपण परत रेकॉर्ड करू. म्हणजे तेवढ्यातही मी सुटायचा रस्ता शोधत होते. ती म्हणाली, आजीचा आवाज गेलाय आता, श्वास पुरत नाही.

आणि मग, फोन ठेवता ठेवता, सहज म्हणाली, “आजी म्हणते, मीच म्हणले नसंल शेवटचं. वय झालं, ध्यानातून गेलं असंल. तुमच्याकडं नसंल तर राहू द्या ताई.”

फोन ठेवला. ती म्हातारी स्वतःला दोष देत होती. भावानं एकच मागितलं होतं, ध्यानी ठेव नाव – आणि तिला वाटत होतं, आपणच ते विसरलो. मशीनपुढं बसलो आणि भावाचं नाव विसरलो. मी तिचं कडवं घेतलं होतंच. आता तिची आठवणही मी तिच्याकडून काढून घेतली होती.

मी वाजिदला फोन लावला. दुपारच्या नमाजाची वेळ होती, त्यानं उचलला नाही. नंतर त्याचाच आला. मी सांगायला लागले, की एक जुनं रेकॉर्डिंग आहे, चुकून काहीतरी झालंय, त्याची आधीची प्रत कुठं असेल का, म्हणजे नसणारच इतक्या काळानंतर, पण – मी बडबडत होते. त्यानं गाण्याचं नावही विचारलं नाही.

“है ना ताई,” तो म्हणाला. “रखी हुई है.”

सर्व्हरची रोज एक नक्कल निघते. जुन्या नकला काही काळानं पुसल्या जातात. वाजिद दर नकलेत काय बदललं ते बघतो. त्या वेळी त्याला दिसलं होतं, एक आवाजाची फाईल अचानक लहान झाली. त्यानं आधीची ऐकली, नंतरची ऐकली. पान पाहिलं. बदल कुणी केला ते तिथं लिहिलेलंच असतं. आणि नक्कल पुसायची वेळ आली तेव्हा त्यानं तेवढी एक फाईल बाजूला काढून ठेवली.

मी विचारलं, मला काहीच का बोलला नाहीस?

“आपके वालिद बीमार थे ना. मैंने सोचा, बाद में पूछेंगे. फिर वो गुजर गए. फिर मेरेकू पूछना जमा नहीं.” मग म्हणाला, “आपके फोल्डर में डाल देता हूँ. जगह पे आप ही रखो.”

त्यानं सरांना सांगितलं असतं तर? माझं काम जाणं ठीक, पण आबांचं नाव चव्हाट्यावर आलं असतं, आणि ते त्यांच्या हयातीत. त्यांनी ते ‘नाय’ म्हणून पुसू पाहिलं होतं हे कुणाला कळणार होतं? लोक म्हणाले असते, ढापलं म्हाताऱ्यानं. वाजिदनं आबांना त्यातून वाचवलं. आबांना तो कधी भेटलाही नव्हता.

मी फाईल जागेवर ठेवली. शेवटचं कडवं लिहिलं. रचना – हरिबा. हे लिहिताना हात हलके झाले, खरंच. आणि पुढच्याच क्षणी मी पानाखाली एक ओळ टाकली – ‘सर्व्हरवरील तांत्रिक दोषामुळे यापूर्वी हे गाणे अपूर्ण व चुकीच्या नावासह प्रसिद्ध झाले होते.’

बघितलंत? सर्व्हरवरील. सर्व्हर कोण सांभाळतं?

सरांनी ऑनलाईन बैठक घेतली. आम्ही पाच-सहा जण होतो. सर रागावले नव्हते, दुखावले होते. वाजिदला म्हणाले, लोकांनी विश्वासानं आपला आवाज तुमच्या हातात दिलाय, आणि तुमच्या मशीनच्या चुकीनं एका माणसाचं नाव पुसलं जातं. मी माझा माईक बंद ठेवला होता. कॅमेराही. स्क्रीनवरच्या त्या माईकच्या चित्रावर एकदा बोट टेकवायचं, एवढंच होतं.

“जी सर,” वाजिद म्हणाला. “आगे से ध्यान रखूंगा.”

नंतर त्यानं मला एक मेसेज केला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. त्यात फक्त लिहिलं होतं, की पुढच्या आठवड्यात पासवर्ड बदलायचे आहेत, तुम्हाला फोन करून सांगतो.

आम्ही आजही काम करतो. तो आजही वैतागत नाही.

उज्ज्वलाला मी सांगितलं, तिच्या आजीनं कडवं म्हटलं होतं, पूर्ण म्हटलं होतं, आमच्याकडून राहिलं होतं. ‘आमच्याकडून’ म्हणाले. माझे वडीलही हे गाणं गायचे, एवढं तेवढं सांगितलं. ती रडली. म्हणाली, ताई, तुम्हीच या, आजीला तुमच्याच हातानं ऐकवा. मी गेले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, आणि जायचंही होतं.

सरुबाई ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. अंगानं एवढ्याशा. मी मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. गाणं पुढं गेलं तसं त्या माझ्या मनगटाला धरून बसल्या. आबा थांबायचे ती जागा आली, गेली, आणि मग हरिबा आला. त्यांनी डोळे मिटून घेतले. कडवं संपल्यावर म्हणाल्या, “म्हणले व्हते की मी. म्हणले व्हते.” उज्ज्वलाकडं बघून पुन्हा म्हणाल्या, “बघ. इसरले नव्हते.”

मग माझ्या गालावरून हात फिरवून त्या हाताची बोटं कानशिलावर मोडली. म्हणाल्या, बाई, तू माझा भाऊ मला हुडकून दिला.

ते मी घेतलं. ती दृष्ट काढणं, ते शब्द, ती मेथीची भाजी आणि भाकरी, सगळं घेतलं. तोंड उघडलं होतं मी, एकदा. त्याच वेळी त्या म्हणाल्या, तुझा बाप बी गायचा म्हणं हे गाणं. कसं म्हणायचा, म्हणून दाखव. मला गाता येत नाही. तरी आबांच्या चालीत म्हटलं, त्यांच्यासारखा ठेका मांडीवर धरून. सरुबाई मान डोलवत होत्या. आबा जिथं थांबायचे तिथं मी थांबले, सवयीनं. आणि पाहिलं तर सरुबाईंचे ओठ पुढं हलत होते. आवाज नव्हता. शेवटचं कडवं त्या नुसत्या ओठांनी म्हणत होत्या.

म्हणाल्या, गळा चांगला व्हता वाटतं तुझ्या बापाचा. लई लांब नेलं त्यानं गाणं.

मी त्या घरात सांगायला हवं होतं. त्या बाजेवर. नाही सांगितलं. यंदाच्या थंडीत सरुबाई गेल्या. मला दुवा देऊन गेल्या आणि ती दुवा माझी नव्हती, हे त्यांना कळलं नाही. ही गोष्ट आता दुरुस्त होत नाही.

एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम झाला. शाळेतल्या एका मुलीनं वेबसाईटवरून शिकून ते गाणं म्हटलं, पूर्ण, शेवटच्या कडव्यासकट. चालही सरुबाईंची, संथ. मंडपात बसलेल्या बायांनी पहिल्यांदा ‘हरिबा’ ऐकलं. शेजारच्या कमलमावशी माझ्याकडं वळल्या. हा हरिबा कोण गं?

“त्यांनीच रचलंय गाणं,” मी म्हणाले.

“मग आबा?”

“आबा गायचे.”

हे म्हणताना किती बरं वाटलं. आबा गायचे. इतकं सरळ होतं आणि इतकं पुरेसं होतं. गायचे, आणि गाणं लांब नेलं त्यांनी. आबांना हेच म्हणायचं असणार, त्या अंगठ्यानं. मावशी म्हणाल्या, मग वेबसाईटवर आधी आबांचं नाव कसं आलं होतं गं? आणि मी म्हणाले, “चुकून.”

त्या एका शब्दामुळं आज बसलेय.

चुकून नव्हतं. सकाळी मी सर्व्हरवर गेले, त्या पानाची फाईल उघडली, आणि तांत्रिक दोषाची ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं – ‘या गाण्याचे शेवटचे कडवे मी जाणूनबुजून कापले होते आणि हरिबांच्या नावाच्या जागी माझ्या वडिलांचे नाव घातले होते. माझ्या वडिलांनी त्याला नकार दिला होता. तो मी लपवला. सर्व्हरचा काहीही दोष नव्हता. मूळ रेकॉर्डिंग वाजिद यांनी जपून ठेवले म्हणून हे गाणे आज पूर्ण आहे.’ खाली माझं नाव, पूर्ण. सेव्ह केलं. मग ते पान सरांना, वाजिदला, उज्ज्वलाला आणि माझ्या भावाला पाठवलं. भावाच्या बैठकीच्या खोलीत तो फोटो अजून आहे.

दुपार झाली. चौघांनीही वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात. उत्तर कुणाचं नाही. यावं असं मी काही केलेलंही नाही.